भूकंपानंतरची वर्षे



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते ते अण्णा बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून रुजू झाले आणि सारी हयात त्यांनी रस्ते, पूल, शाळा आणि धर्मशाळा यांच्या दुरुस्तीत घालविली, हे या सभागृहातील बहुतेकांना ठाऊक आहे. परंतु १९६७ सालच्या ११ डिसेंबरला पहाटे कोयनानगरची भूमी हादरली तेव्हापासून त्यांनी स्वतःच्या खर्चाने आणि स्वतःच्या रजेच्या दिवशी जी एक नोंदवही चालविली होती, ती मात्र फार थोड्यांच्या दृष्टीस पडली असेल. त्यांच्या चिरंजीवांनी ती मला वाचावयास दिली. तिची पाने चाळीत असताना माझे मन वारंवार एका दूरच्या नगरीकडे, तेथील एका प्राचीन घुमटाकडे जाऊ लागले, आणि आजच्या व्याख्यानाचा विषय असा आपोआप ठरला.

त्या वहीत मुख्यतः भेगांच्या नोंदी आहेत. भेगेवर पाळत ठेवण्याची जी जुनी रीत आहे ती अण्णांनीच मला शिकविली. भेगेच्या दोन्ही काठांवर सिमेंटचा बोटभर गिलावा घ्यावयाचा, त्यावर काचेची पातळ पट्टी आडवी बसवावयाची, आणि गिलावा ओला असतानाच खिळ्याने त्यावर तारीख कोरावयाची. भिंत केसाएवढी हलली तरी काच तडकते. मग पंधरवड्याने, महिन्याने, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, जाऊन पाहावयाचे, एवढेच. खात्याच्या दफ्तरात भूकंपाच्या नुकसानीचे पंचनामे भूकंपानंतर थोड्याच दिवसांत पुरे झाले. अण्णांची वही मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षे चालू राहिली. धरणीकंप काही सेकंदांत थांबतो, पण त्याने इमारतीच्या अंगात जे पेरून ठेवलेले असते ते उगवावयास कधी महिने लागतात, कधी वर्षे, ही गोष्ट त्यांना पक्की उमगलेली होती. आणि मोठमोठ्या राजसत्तांना ती वेळेवर उमगली नाही म्हणून काय घडले, याचा एक फार मोठा दाखला आज मी आपल्यापुढे मांडणार आहे.

कॉन्स्टँटिनोपल नगरीतील हागिया सोफिया हे जवळजवळ हजार वर्षे पूर्वेकडील ख्रिस्ती जगताचे मुख्य मंदिर होते. इ. स. ५३२ च्या जानेवारीत त्या नगरीत फार मोठे बंड उसळले, त्या जाळपोळीत तेथील जुने मंदिर भस्मसात झाले, आणि बंडाची राख निवते न निवते तोच सम्राट जस्टिनियन याने त्याच जागी नवे मंदिर उभारण्याचा हुकूम सोडला. ट्रॅलिसचा अँथेमियस आणि मिलेटसचा इसिडोर या दोघांवर त्याने ही कामगिरी सोपविली. हे दोघे भूमितीचे आणि यंत्रशास्त्राचे पंडित होते. म्हणूनच की काय, चुन्यागाऱ्यात वाढलेला कोणताही मेस्त्री जे धाडस करता ना ते त्यांनी केले. चौरसाच्या चार कोपऱ्यांवर चार प्रचंड खांब, त्यांवर चार कमानी, कमानींच्या सांदीत झोळीप्रमाणे फुगलेले चार त्रिकोणी गोलखंड, आणि या सर्वांच्या माथ्यावर सुमारे ३१ मीटर व्यासाचा विटांचा घुमट, ज्याच्या तळाशी चाळीस खिडक्यांची माळ असल्यामुळे खालून पाहणाऱ्याला तो भिंतींवर टेकलेलाच नाही असा भास व्हावा! आपल्याकडील विजापूरचा गोल घुमट व्यासाने याहून मोठा आहे, परंतु तो जाडजूड भिंतींच्या भक्कम बैठकीवर बसलेला आहे. येथे मात्र भार पेलणारे सर्व अवयव दृष्टीआड ठेवून प्रकाशालाच पुढे केलेले होते. पूर्वेस आणि पश्चिमेस मोठे अर्धघुमट असल्याने त्या दोन दिशांना मुख्य घुमटाला टेकू मिळाला. उत्तरेस आणि दक्षिणेस तसा टेकू नव्हता. ५३७ च्या डिसेंबरात, म्हणजे सहा वर्षेही पुरी होण्याच्या आत, मंदिर पूजेसाठी खुले झाले.

सहा वर्षांच्या आत! ही मुदत ऐकून सामान्य माणूस थक्क होतो. ज्याने चुन्यात काम केले आहे त्याला मात्र प्रथम काळजी वाटते. त्या मंदिराच्या बांधकामातील चुना विटकरीचा चुरा मिसळून केलेला होता. आपल्या गवंड्यांच्या भाषेत सांगावयाचे तर ती सुरखी होती. आणि विटांमधील थर तर इतके जाड होते की कित्येक ठिकाणी विटेपेक्षा चुना अधिक भरावा. सुरखीचा चुना एकदा पुरता पकडला म्हणजे दगडासारखा होतो, हे आपल्या जुन्या वाड्यांत आणि किल्ल्यांत आपण पाहतोच. परंतु त्याला पकडावयास वेळ लागतो, आणि सम्राटाच्या घाईशी चुन्याला काही कर्तव्य नसते. काम चालू असतानाच कमानींच्या भाराने खांब बाहेर कलू लागले होते, असे जस्टिनियनच्या दरबारातील इतिहासकार प्रोकोपियस याच्या लेखनावरून दिसते. म्हणजे पहिला भूकंप होण्यापूर्वीच त्या इमारतीच्या अंगात एक वक्रता मुरलेली होती.

या कलण्याचा पुढील साऱ्या इतिहासाशी संबंध असल्यामुळे येथे थोडे थांबून ते नीट समजावून घेऊ. कमान आपला भार सरळ खाली टाकीत नाही. ती पायथ्याला बाहेर रेटा देते. पूर्वेची आणि पश्चिमेची कमान उत्तर-दक्षिण दिशेने रेटा देते, आणि त्याच दिशेला टेकू अपुरा होता. खांब त्या दिशेने बाहेर झुकले की या दोन कमानींचे पाय फाकतात, पाय फाकले की माथा खचतो, आणि माथा खचला की त्यावर टेकलेल्या घुमटाच्या भागाची बैठकच निसटते. हे एकदा ध्यानात आले म्हणजे पुढील आठशे वर्षांत या मंदिराचा घुमट तीन वेळा कोसळला, आणि प्रत्येक वेळी पूर्वेचा किंवा पश्चिमेचाच भाग कोसळला, यात दैवाचा काही लहरीपणा होता असे वाटत नाही.

५५३ साली एक भूकंप झाला. ५५७ च्या डिसेंबरात दुसरा आणि फार मोठा झाला. नगरीतील घरे पडली, तटाला भगदाडे गेली, पण मंदिर उभे राहिले. नगरवासीयांनी देवाचे आभार मानले असतील, आणि ते स्वाभाविकच होते. घुमटाला जागोजाग भेगा गेल्या होत्या, म्हणून दुरुस्तीचे काम सुरू करण्यात आले, आणि त्यासाठी डोंगराळ इसॉरिया प्रांतातील गवंडी, जे त्या काळी आपल्या कसबाबद्दल नावाजलेले होते, कामावर लावण्यात आले. हे गवंडी वर काम करीत असतानाच, ५५८ च्या मे महिन्याच्या ७ तारखेला, घुमटाचा पूर्वभाग कमानीसह खाली आला आणि त्याखाली वेदी, वेदीवरील चांदीचे छत्र आणि प्रवचनाचा उच्चासन-मंच यांचा चुराडा झाला. थिओफेनीस या बखरकाराने ही हकीकत देताना एक फार मोलाची गोष्ट नोंदविली आहे. तो म्हणतो की, स्थापत्यकारांना या प्रसंगी दोष देण्यात आला. कारण खर्च वाचविण्याच्या हेतूने त्यांनी घुमटाला खालून आधार दिला नाही, उलट ज्या खांबांवर तो उभा होता त्यांच्यातच पोकळ्या कोरून ठेविल्या.

हे वाक्य मी कितीदा तरी वाचले असेन. भूकंपाने पाच महिन्यांची मुदत दिली होती. त्या पाच महिन्यांत त्या मंदिरात प्रार्थना झाल्या असतील, सणवार झाले असतील, आणि लोकांनी मान वर करून त्या भेगा पाहिल्याही असतील. पण डोलारा उभा आहे म्हणजे संकट टळले, ही समजूत इतकी बळकट असते की सम्राटाच्या खजिन्याचे रखवालदारही तिच्यापुढे नमतात आणि परांच्यांच्या लाकडाचा हिशेब करीत बसतात. आधाराची लाकडे घुमटापेक्षा महाग वाटावीत, हा मनुष्यस्वभावातला दोष मी माझ्या नोकरीत इतक्या वेळा पाहिला आहे की सहाव्या शतकातील त्या हिशेबनिसांविषयी मला रागही येत नाही, केवळ विषाद वाटतो.

अँथेमियस तोवर वारला होता. दुसऱ्या स्थपतीचा पुतण्या, धाकटा इसिडोर, याजकडे काम आले, आणि त्याने जे केले त्याला माझ्या मते मूळ रचनेइतकाच मान मिळावयास हवा. पहिला घुमट अधिक उथळ होता. उथळ घुमट पायथ्याला जास्त रेटा देतो. इसिडोरने तो त्या काळच्या मापाने सुमारे वीस फूट, म्हणजे आपल्या हिशेबाने सहा मीटरच्या घरात, उंच उचलला, त्याला चाळीस फासळ्या दिल्या, आणि उत्तर-दक्षिणेच्या कमानी आतल्या बाजूने रुंद करून खालचा आकार शक्य तितका चौरस केला. अगाथियस नावाच्या त्या काळच्या लेखकाने या नव्या घुमटाचे जे वर्णन केले आहे त्याचा आशय असा की, पाहणाराला पूर्वीप्रमाणे स्तिमित करण्याचे सामर्थ्य याच्या अंगी राहिले नाही, परंतु हा अधिक निर्धास्त झाला. सौंदर्याचा थोडा अंश निर्धास्तपणासाठी सोडून देणे, आणि तेही काकाच्या कीर्तीला धक्का लावून, हे सोपे नव्हते. ५६२ च्या डिसेंबरात मंदिराचे पुन्हा अर्पण झाले. आज आपण उत्तरेस आणि दक्षिणेस मान वळविली म्हणजे जो घुमट दिसतो तो या धाकट्या इसिडोरच्या हातचा आहे. चौदा शतके आणि त्याहून अधिक काळ तो तेथे आहे.

पश्चिमेचा भाग मात्र दुसऱ्याच एका माणसाचा. ९८९ च्या ऑक्टोबरात रात्रीच्या वेळी झालेल्या भूकंपाने पश्चिमेची कमान आणि तिच्यावरील घुमटाचा भाग कोसळला. त्या वेळी सम्राट दुसरा बेसिल गादीवर होता, आणि योगायोगाने आर्मेनियाचा ख्यातनाम स्थपती त्रदात याचा मुक्काम त्या नगरीत होता. ग्रीक पंडितांची नगरी, ग्रीक सम्राटाचे मंदिर, आणि काम सोपविले गेले परदेशी माणसावर! त्याने आधी नकाशा आणि नमुना तयार केला, मगच काम सुरू केले, असे एक आर्मेनियन इतिहासकार सांगतो. आणि ९९४ साली मंदिर पुन्हा उघडले. अंगी किती नम्रता असावी लागली असेल, याचा विचार करा: चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाने सोडलेल्या काठाला आपला काठ असा जुळवावयाचा की खालून पाहणाऱ्याला दोन हात ओळखू येऊ नयेत. फासळीला फासळी जोडलेली आहे. वर चढून पाहणी करणाऱ्यांना मात्र जोड दिसतो, कारण दोन्ही बाजूंची वक्रता तंतोतंत मिळत नाही. याच त्रदातने आपल्या देशात, आनी या राजधानीत, जे सुंदर महामंदिर बांधले त्याचा घुमट पुढे १३१९ च्या भूकंपात पडला आणि पुन्हा कधी उभा राहिला नाही. आनी उजाड झाली. दुसऱ्यांच्या मंदिरात लावलेला त्याचा हात टिकला, कारण तेथे मागून येणारे कोणीतरी होते.

आता पूर्वेकडे वळू. चौदाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलचे साम्राज्य नावापुरतेच उरले होते. १३१७ साली सम्राट दुसरा अँड्रॉनिकस याने आपल्या दिवंगत राणीच्या द्रव्यातून मंदिराला बाहेरून नवे धीरे बांधविले, यावरून धोका कळत होता असे दिसते. पुढे १३४३-४४ च्या सुमारास भूकंपाचे धक्के बसले; मंदिर पुन्हा एकदा उभे राहिले, आणि पुन्हा एकदा, काही काळाने, १३४६ च्या मे महिन्याच्या १९ तारखेला, पूर्वेची कमान घुमटाच्या भागासह खाली आली. इसवी सन ५५८ ची कहाणी जणू नक्कल करून ठेवल्याप्रमाणे पुन्हा घडली. फरक इतकाच की या खेपेस खजिना रिकामा होता आणि देशात गृहकलह माजलेला होता. पुढच्याच वर्षी सहावा जॉन कांताकुझेनोस याचा राज्याभिषेक झाला तो या मंदिरात होऊ शकला नाही, ब्लाकर्ने येथील दुसऱ्या मंदिरात उरकावा लागला. आणि राजमुकुटातील रत्ने व्हेनिसकडे गहाण पडलेली असल्यामुळे मुकुटात रंगीत काच बसविलेली होती. मॉस्कोच्या राजपुत्राने मंदिराच्या दुरुस्तीसाठी पाठविलेला पैसा भाडोत्री तुर्की सैन्याच्या पगाराकडे वळविण्यात आला, असा आरोप समकालीन इतिहासकार ग्रेगोरास याने केला आहे. एवढे होऊनही दुरुस्ती झाली! आस्त्रास नावाचा ग्रीक आणि जोव्हानी पेराल्ता नावाचा पश्चिमेकडील स्थपती या दोघांनी ती १३५४ च्या आसपास पुरी केली. मुकुटात काचेचे मणी घालणाऱ्या दरिद्री सत्तेने आपला घुमट मात्र खऱ्या विटांनी भरून काढला, हे मला त्या राज्याच्या साऱ्या विजयांपेक्षा थोर वाटते.

तर असा हा घुमट आहे. सहावे शतक उत्तरेस आणि दक्षिणेस, दहावे पश्चिमेस, चौदावे पूर्वेस. तो एका माणसाने बांधला असे म्हणता येत नाही, आणि एका धर्माने राखला असेही म्हणता येत नाही. कारण १४५३ मध्ये सुलतान महंमदाने नगरी घेतल्यानंतर मंदिराची मशीद झाली, आणि सोळाव्या शतकात मिमार सिनान या स्थपतीने आजूबाजूला चिकटलेली घरे हटवून बाहेरून भक्कम धीरे दिले. एकोणिसाव्या शतकात सुलतान अब्दुल मजीदच्या फर्मानाने फोसाती या स्थपती-बंधूंनी १८४७ ते १८४९ या काळात घुमटाच्या पायथ्याभोवती लोखंडी साखळबंध घातला. पुढे ते संग्रहालय झाले आणि २०२० पासून पुन्हा मशीद झाले. त्यावरील वादात मी येथे शिरत नाही. धीऱ्याला आपण कोणत्या धर्माच्या भिंतीला टेकलो आहोत हे कळत नाही.

ते संग्रहालय होते त्या काळात मी एकदा तेथे गेलो होतो. वरच्या सज्जात जाण्यासाठी पायऱ्या नाहीत, दगडी फरसबंदीची नागमोडी चढण आहे. ती चढून मी वर आलो, आणि घुमटाकडे पाहण्यापूर्वी माझी दृष्टी सज्जातील संगमरवरी स्तंभांवर खिळली. ते सरळ नाहीत. नुसत्या डोळ्यांनीही दिसावे इतके ते बाहेरच्या बाजूस झुकलेले आहेत. ओळंबा जवळ नव्हता. मी खिशातील किल्लीला दोरा बांधला, स्तंभाच्या वरच्या अंगाशी हात नेता आला तेथवर नेऊन दोरा सोडला, आणि किल्ली स्थिर होण्याची वाट पाहत उभा राहिलो. वर दोरा दगडाला टेकला होता. खाली किल्ली आणि दगड यांत माझी बोटे सहज मावतील एवढे अंतर पडले होते. पायाखालच्या फरशाही सपाट नव्हत्या, चालताना पाऊल उतरणीला लागल्याचे जाणवत होते. तेथे उभे राहिल्यावर मला प्रथमच कळले की हे मंदिर स्थिर नाही. ते अत्यंत सावकाश, शतकांच्या गतीने, बाहेर पसरत आलेले आहे आणि प्रत्येक पिढीने त्याला कोठे तरी हात देऊन थोपवून धरलेले आहे. १९९१ पासून तेथे कंपनमापके बसविलेली आहेत. १७ ऑगस्ट १९९९ च्या पहाटे इझमीतच्या भूकंपात सतरा हजारांहून अधिक माणसे दगावली, तेव्हा ही इमारत वाचली. तिच्या अंगावरील यंत्रांनी त्या हादऱ्याची नोंद करून ठेविली. जोराच्या हादऱ्यात तिच्या डोलण्याची लय किंचित मंदावते असे अभ्यासकांना आढळले आहे. ही यंत्रे म्हणजे अण्णांच्या काचपट्ट्यांचीच सुधारलेली आवृत्ती होय.

मंडळी, हे सारे जुन्या काळचे झाले, आता अशा चुका होत नाहीत, असे कोणाच्या मनात येत असेल तर त्यांना मी सिसिलीतील नोतो या लहानशा नगरात नेऊ इच्छितो. १६९३ च्या ११ जानेवारीला आग्नेय सिसिलीत अतिशय भयंकर भूकंप झाला. जुने नोतो जमीनदोस्त झाले आणि लोकांनी काही मैलांवर नवीन जागी मधाळ रंगाच्या दगडाचे असे देखणे नगर वसविले की आज ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्या नगराच्या उंच पायऱ्यांवर सेंट निकोलसचे घुमटदार महामंदिर आहे. त्याचा घुमट १७८० च्या भूकंपात पडला, १८४८ च्या भूकंपात पुन्हा पडला, आणि दोन्ही वेळा नव्याने उभारला गेला. १९९० च्या १३ डिसेंबरला पुन्हा धरणीकंप झाला. मंदिराला भेगा गेल्या, पण ते उभे राहिले. आणि १९९६ च्या १३ मार्चला, बरोबर सव्वापाच वर्षांनी, जमीन मुळीच हललेली नसताना, रात्रीच्या वेळी मुख्य दालनाच्या उजव्या रांगेतील खांब, त्यांबरोबर घुमट पेलणाऱ्या चार खांबांपैकी एक, मग छत, मग घुमटाचा बहुतेक सारा भाग, असे सर्व कोसळले. मंदिर बंद होते म्हणून मनुष्यहानी झाली नाही.

कारणाचा शोध घेताना दोष निघाला तो खांबांच्या पोटात. विसाव्या शतकाच्या मध्यास वरचे लाकडी छप्पर काढून काँक्रीटचे जड छत घातले गेले होते, त्याने भार वाढला हे खरे. पण खांबच आतून पोकळ म्हणावेत असे निघाले. बाहेरून घडीव दगडाचे कवच, आणि आत निकृष्ट चुन्यात टाकलेले डबर, त्यातही नदीतले गुळगुळीत गोटे, ज्यांना चुना धड पकडतही नाही. अशा खांबावर भार आला म्हणजे आतले डबर खाली बसते आणि कवचाला बाहेर ढकलते. कवचाला उभ्या भेगा जातात, आणि वर जाड गिलावा असला म्हणजे त्या भेगा कोणाला दिसतही नाहीत. भूकंपाने हा रोग निर्माण केला नाही. तो रोग बळावून ठेवून भूकंप निघून गेला.

त्या खांबांच्या छेदाचे चित्र मी जेव्हा पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझ्या अंगावर शहारे आले, कारण ते चित्र मी पूर्वी पाहिलेले होते. सिसिलीत नव्हे, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीच्या परिसरात जो उत्पात झाला त्यानंतर काही दिवसांनी मी सरकारी पाहणीच्या कामावर तेथे होतो. माळवदाची घरे होती ती. दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती. जाड म्हणून भक्कम वाटणाऱ्या. परंतु भिंतीला आतली एक आणि बाहेरची एक अशी दोन अंगे, दोहोंमध्ये माती आणि डबर, आणि दोन्ही अंगांना आरपार बांधणारा लांब दगड जवळजवळ कोठेच नाही. हादरा बसताच बाहेरचे अंग बाहेर गेले, आतले आत आले, आणि वरचे मातीचे मणांचे ओझे झोपेतल्या माणसांवर उतरले. सुमारे दहा हजार जीव गेले. ज्या घरांच्या भिंती पडल्या नव्हत्या त्यांच्याही पुष्कळांनी पोट काढले होते. एका घराच्या ओसरीत मी पाठ टेकून उभा असता त्या घरातील म्हातारी मला म्हणाली, “सायेब, तिथं टेकू नगा, रात्री ती भित बोलती.” मी भिंतीला कान लावला. आत माती झरत होती. पाण्याच्या बारीक धारेसारखा तो आवाज होता, आणि भूकंपाला तोवर तीन आठवडे होऊन गेले होते. पुढे दुरुस्तीच्या कामात अशा भिंतींना ठरावीक अंतरावर भोके पाडून काँक्रीटचे आरपार बंध घालण्याची जी पद्धत अवलंबिली गेली, ती याच दोषावरचा इलाज होता.

नोतोच्या लोकांनीही शेवटी तेच केले, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. नवे मंदिर काँक्रीटचे करावे, असा सोपा मार्ग त्यांना मोकळा होता. त्यांनी तो धरला नाही. ढिगारा उपसला, दगड निवडून वेगळा केला, पडलेले खांब तर उभारलेच पण जे उभे होते तेही विश्वासास पात्र नाहीत असे ठरवून एकामागून एक उतरविले, आणि या खेपेस आत गोटे न भरता, दगडाला दगड आरपार सांधून, चुन्यात पुन्हा बांधले. २००७ च्या जूनमध्ये मंदिर उघडले. अकरा वर्षे लागली. उभा असलेला खांब आपण होऊन उतरविण्यास केवढे धैर्य लागते, हे ज्याने एखाद्या ग्रामपंचायतीपुढे ‘ही शाळा उभी दिसते, पण ती उतरवा’ असे सांगण्याचा प्रसंग अनुभवला आहे त्यालाच कळेल. अण्णांनी तो अनेकदा अनुभवला. लोक त्यांच्यावर रागावत, आणि ते पुढच्या महिन्यात पुन्हा काच पाहावयास जात.

आता त्या वहीकडे येतो. पाटणच्या बाजूला डोंगराच्या कुशीत एक लहान देऊळ आहे. गाभाऱ्यावर विटा आणि चुन्याची घुमटी आहे, दोन माणसांनी हात पसरले तर कवेत येईल एवढी. कोयनेच्या भूकंपात तिला ईशान्येकडून एक भेग गेली. ते देऊळ कोणत्याही खात्याच्या यादीत नव्हते, त्याच्या दुरुस्तीला कोणाची मंजुरी नव्हती. १९६८ च्या जानेवारीतील नोंद अशी: ‘घुमटी, ईशान्य भेग, लांबी अडीच हात. काच बसविली.’ त्यानंतर वर्षातून चार-सहा वेळा त्याच देवळाचे नाव येते, आणि पुढे बहुतेक एकच शब्द असतो. कोयनेच्या खोऱ्यात जमीन अजूनही अधूनमधून हलते हे आपण जाणता. प्रत्येक मोठ्या धक्क्यानंतर आठवड्याच्या आत ते तेथे गेलेले दिसतात. १९७३ च्या ऑक्टोबरातील नोंद थोडी लांब आहे: ‘काच तडकली. भेग वाढली नाही, सरकली. सुरखी घालून भरली. गुरवाने चुना मळला. नवी काच.’ १९८० च्या सप्टेंबरात एकाच महिन्यात दोन नोंदी आहेत. मग वर्षे जातात, अक्षर मोठे आणि वेडेवाकडे होत जाते, निवृत्तीनंतर खात्याची गाडी गेलेली असते आणि कंसात एस. टी. ची वेळ लिहिलेली असते. शेवटच्या पानावरील शेवटची नोंद मी जशीच्या तशी वाचतो आणि आपली रजा घेतो: ‘देऊळ. स्वतः चढवले नाही. गुरवाच्या नातवास शिडीवर पाठविले, काय पाहावयाचे ते सांगितले. काच शाबूत.’